एका डोळ्याचे तीस टक्के

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला शेवटी एक यादी जोडलेली आहे. माणसाचं शरीर तिथे सुटं सुटं करून मांडलंय आणि प्रत्येक अवयवापुढे टक्के लिहिलेत. अंगठा तुटला तर ३०. अंगठा तळहातातल्या हाडासकट गेला तर ४०. एका डोळ्याची नजर गेली तर ३०. डोळाच गेला तर ४०. कायद्याच्या तराजूत डोळा आणि अंगठा सारख्या वजनाचे आहेत.

दोन्ही डोळ्यांची नजर गेली तर मात्र थेट १००. इथे वाचणारा हमखास अडखळतो. दोनाचे शंभर तर एकाचे पन्नास, हे शाळकरी पोरही सांगेल. मग मधले वीस टक्के गेले कुठे?

मला हा प्रश्न पहिल्यांदा एका फिटरच्या बायकोने विचारला होता. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे तिने स्वतः गणित मांडून आणलं होतं, खाली पन्नासाला दोनदा अधोरेखित केलेलं. त्या दिवशी मला तिला धड सांगता आलं नाही. ते राहिलेलं उत्तर आता सविस्तर देतो, कारण त्या एका प्रश्नाच्या मागे हा सगळा कायदा उभा आहे.

पन्नास का नाहीत

एक डोळा तळहाताने झाका आणि समोर बघा. अर्धं जग दिसेनासं होत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं साधारण १८० अंशांपर्यंत किंवा थोडं जास्त दिसतं, एका डोळ्याने दीडशेच्या आसपास. झाकलेल्या बाजूची कडेची एक पट्टी तेवढी जाते, कारण मधे नाक येतं. आता तसंच एक डोळा झाकून पेनचं टोपण हात लांब करून पेनवर बसवायचा प्रयत्न करा. टोपण पेनच्या अलीकडे तरी जाईल नाहीतर पलीकडे. खोलीचा अंदाज दोन डोळ्यांच्या दोन किंचित वेगळ्या चित्रांवरून येतो, एक चित्र गेलं की तो अंदाज ढासळतो. काही महिन्यांत मेंदू सावल्यांवरून, वस्तूंच्या आकारावरून, मान हलवून पुष्कळसं भरून काढतो. सगळं भरून निघत नाही.

कायदा नेमकं हेच मोजतो. तुम्हाला किती दुखलं, किती रात्री झोप लागली नाही, आरशात बघवत नाही, याचा या कायद्यात हिशेब नाही. तिथे मोजतात ती ‘कमाईची क्षमता’, म्हणजे बाजारात आपलं काम विकून पैसे मिळवण्याची ताकद. एका डोळ्याचा माणूस बरीच कामं करू शकतो असं गृहीत धरून ३० चा आकडा ठरलाय. दोन्ही डोळे गेलेल्याला ज्या कामाला नजर लागते असं कुठलंच काम करता येत नाही, म्हणून तिथे १००. पहिला डोळा जाणं आणि दुसरा जाणं हे दोन सारखे तोटे नाहीत. पहिल्याने तीस जातात, दुसऱ्याने उरलेले सत्तर.

आणि त्या शंभर टक्क्यांसाठी ठार आंधळं असावं लागत नाही. यादीतल्या शब्दांचा अर्थ असा: ज्या कामाला नजर आवश्यक आहे असं कोणतंही काम करता येणार नाही इतकी नजर गेलेली असणं. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, पण पान्यावरचा नंबर वाचता येत नाही, असा माणूसही या ओळीत बसू शकतो. ‘अजून थोडं दिसतं ना’ असं म्हणून मालकाचा किंवा विमा कंपनीचा माणूस टक्के खाली ओढायला लागला, तर ही ओळ त्याच्यापुढे ठेवायची.

नजर जाणं आणि डोळा जाणं

तीस आणि चाळीस यांच्यातले दहा टक्के कशाचे? नजर गेली पण बुबुळ जागेवर आहे, बाहेरून डोळा डोळ्यासारखा दिसतो, तर ३०. डोळाच काढून टाकावा लागला, खोबण रिकामी झाली, तर ४०. दिसण्याच्या दृष्टीने दोन्हीत काही फरक नाही, दोन्हीकडे शून्यच. मग जास्तीचे दहा का?

याचं उत्तर मला १९१२ च्या एका इंग्लिश खटल्यात सापडलं, आणि तो वाचल्यापासून मी तो विसरू शकलेलो नाही. एका कामगाराचा एक डोळा आधीपासूनच आंधळा होता, पण बाहेरून ते कळत नव्हतं. त्याला बिनबोभाट काम मिळत होतं. कामावर अपघात झाला तो नेमका त्याच आंधळ्या डोळ्याला, आणि तो डोळा काढावा लागला. मालकाचं म्हणणं सरळ होतं: याला त्या डोळ्याने आधीही दिसत नव्हतं, आताही दिसत नाही, काम करायची ताकद होती तेवढीच आहे, मग भरपाई कशाची? पण आता तोंडाकडे बघताच तो एका डोळ्याचा आहे हे कळत होतं आणि त्याला कुणी कामावर घेत नव्हतं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कामगार जिंकला. काम करता येणं वेगळं, काम मिळणं वेगळं. अपघातामुळे काम मिळेनासं झालं तर तीही कामाची अक्षमताच, असं तिथे ठरलं.

आपल्या यादीतले ३० आणि ४० वाचताना हा माणूस डोळ्यापुढे ठेवावा. म्हणून डॉक्टरच्या दाखल्यात ‘एका डोळ्याची दृष्टी गेली’ एवढंच लिहून भागत नाही. डोळा काढलाय, आकसलाय की वाकडा झालाय, हे लिहिलेलं असायला हवं. ३० टक्क्यांच्या ओळीत ‘गुंतागुंत नाही, डोळ्याचं विद्रूपीकरण नाही’ अशी अट घातलेली आहे. विद्रूप झालेला डोळा त्या ओळीत बसतच नाही.

दोन्ही ओळींच्या शेवटी चार-पाच शब्द आहेत, ते बहुतेक जण वाचत नाहीत: ‘दुसरा डोळा नॉर्मल असल्यास’. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आणखी एक ओळ आहे, एका डोळ्याची अंशतः नजर गेली तर १० टक्के. ही ओळ मला फार ओबडधोबड वाटते. डोळ्यांच्या तक्त्यावर ६/१२ म्हणजे निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून जे वाचता येतं ते तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. ६/६० म्हणजे ६० मीटरवरचं ६ मीटरवर. पहिल्याला लेथवर काम करता येईल. दुसऱ्याचा तो डोळा कामाच्या दृष्टीने गेल्यात जमा. दोघंही ‘अंशतः’, दोघंही दहा. ६/६० वाल्याने निमूटपणे दहा घेऊ नयेत. त्या डोळ्याची कामापुरती नजर राहिलेलीच नाही, असं नेत्रतज्ज्ञाकडून स्पष्ट लिहून घ्यावं आणि ३० साठी भांडावं.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याशी याची गल्लत करू नका. तिथेही, एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर ३० टक्केच मिळतात, आणि ४० च्या खाली असल्यामुळे आरक्षणासारख्या सवलतींच्या दारात माणूस अडतो. आकडा तोच असला तरी मोजपट्टी वेगळी. तिथे शरीराची कमतरता मोजतात, इथे कमाईची.

यादीच्या आकड्यांवर गोष्ट संपतेच असंही नाही. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या बाबतीत निकाल दिला. कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. यादीप्रमाणे ते अंशतः अपंगत्व. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, आणि हा माणूस सुतार होता, म्हणून न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व धरलं. तेव्हापासून आपल्या नेमक्या कामावर बोट ठेवायची वाट खुली आहे. सुपरवायझरचा एक डोळा आणि क्रेन चालवणाऱ्याचा एक डोळा यादीत सारखे असतील, पोटापाण्यात सारखे नसतात. असा दावा प्रत्येक वेळी टिकेलच असं नाही, पण तो मांडल्याशिवाय तर टिकणारच नाही.

टक्क्यांचे रुपये

आता गणित. समजा कामगाराचं वय ३० पूर्ण आहे आणि पगार महिना १८,००० रुपये. कायदा हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा धरतो. ती आधी ४,००० होती, २०१० मध्ये ८,००० झाली आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,०००. म्हणून १८,००० असले तरी धरायचे १५,०००. त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. त्याला वयाच्या गुणकाने गुणायचं. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. पंचविसाव्याचा २१६.९१, चाळिसाव्याचा १८४.१७. वय वाढेल तसा गुणक उतरतो, कारण पुढची कमाईची वर्षं कमी.

९,००० गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२० रुपये. ही झाली शंभर टक्क्यांची, दोन्ही डोळ्यांची रक्कम. एका डोळ्याची नजर गेली तर तिचे ३० टक्के, ५,६१,५४६. डोळाच गेला तर ४० टक्के, ७,४८,७२८. दाखल्यातल्या एका शब्दावर एक लाख सत्याऐंशी हजारांचा फरक पडतो तो असा.

डोळा बरा होईपर्यंत कामावर जाता येत नाही त्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मिळायला हवेत. म्हणजे ढोबळमानाने अर्धा पगार. पहिले तीन दिवस यात धरत नाहीत, पण कामाला मुकणं २८ दिवस किंवा जास्त चाललं तर पहिल्या दिवसापासून धरतात. दवाखान्याचा खर्च वेगळा, तो २००९ च्या दुरुस्तीपासून मालकाने प्रत्यक्ष झाला तेवढा द्यायचा आहे. ‘ऑपरेशनला ऐंशी हजार भरले, ते भरपाईतून वळते करून घेतो’ हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. तसं करता येत नाही. उपचारासाठी दिलेले पैसे भरपाई म्हणून दिले असं धरायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

कायद्याच्या नावाचंही सांगून टाकतो, नाहीतर कागदपत्रं बघून गोंधळ होतो. मूळ कायदा १९२३ चा. पूर्वी त्याच्या इंग्रजी नावात ‘वर्कमन’ होतं, २०१० पासून ‘एम्प्लॉई’ आलं, तरी विमावाले आजही ‘डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी’च म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात विलीन झाला. दावा ऐकणाऱ्या आयुक्तांच्या जागी आता ‘सक्षम प्राधिकारी’ असा शब्द आहे, घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही कामाशी संबंध दाखवता आला तर त्यात धरला जातो. डोळ्यांची यादी, टक्के आणि गणिताची रीत तीच राहिली.

ईएसआय असेल तर

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर वरचा मार्ग तुमच्यासाठी नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या विम्यात येतो. त्याचा ०.७५ टक्के हप्ता पगारातून जातो, मालक ३.२५ टक्के भरतो. विमा असलेल्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, ईएसआयचं महामंडळच देतं, आणि ते एकरकमी न देता दरमहा देतं.

कामावर न जाता आलेल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने मिळतात. मालकाच्या अर्ध्या पगारापेक्षा हे कितीतरी बरं. कायमचं नुकसान झालं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं, यादी तीच, आणि त्या प्रमाणात पैसे मरेपर्यंत चालू राहतात. १५,००० पगार धरला तर ९० टक्के म्हणजे १३,५००, त्याचे ३० टक्के ४,०५० रुपये दरमहा. लोकांना हा आकडा किरकोळ वाटतो आणि ‘त्यापेक्षा एकदम साडेपाच लाख मिळाले असते’ म्हणून हळहळतात. पण ४,०५० प्रमाणे ५,६१,५४६ व्हायला साडेअकरा वर्षांच्या वर थोडा काळ लागतो. तीस वर्षांच्या माणसाचं बेचाळिशीनंतरचं सगळं आयुष्य त्यापुढे आहे, आणि वर पुन्हा कामावर लागून पगार घेतला तरी हे पैसे थांबत नाहीत.

कामावरच्या अपघातासाठी अमुक महिने हप्ते भरलेले असावेत अशी अट ईएसआयमध्ये नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी डोळ्यात कण गेला तरी तो विम्यात आहे. मालकाने हप्तेच भरले नसतील तर ती मालकाची आणि महामंडळाची भानगड, कामगाराने तिच्यापायी मागे हटू नये.

चूक कुणाची, हा प्रश्न इथे गैरलागू

बहुतेक कामगार दावाच करत नाहीत, कारण ‘चूक माझीच होती, गॉगल घातला नव्हता’. हा कायदा चुकीवर चालतच नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरे. मालकाने हलगर्जी केली हे सिद्ध करायची गरज नाही, तसंच कामगार थोडा बेसावध होता म्हणून हक्क बुडत नाही.

अपवाद तीन आहेत: दारू किंवा नशेमुळे झालेला अपघात, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला आदेश किंवा नियम जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकणं किंवा न वापरणं. शेवटच्या दोन्हींतला ‘जाणूनबुजून’ हा भाग मालकाने सिद्ध करायचा आहे. गॉगल दिला होता का? त्याची काच ओरखड्यांनी इतकी पांढरी झाली होती का, की तो लावून जॉबच दिसत नव्हता? घाम आणि वाफ धरली म्हणून क्षणभर कपाळावर सरकवला होता का? ग्राइंडरवर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, गॉगल कपाळावर जाण्याची दहा कारणं तो सांगेल, आणि त्यातलं एकही ‘नियम मोडायचाच’ या हट्टाचं नसतं. शिवाय कण उडणाऱ्या कामावर गॉगल किंवा आडोसा पुरवायची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्यापासून मालकावरच आहे.

हे तीन अपवाद मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला लागूच होत नाहीत. दोन्ही डोळे गेलेल्या माणसाला ‘तू गॉगल घातला नव्हतास’ असं म्हणून भरपाई नाकारता येत नाही.

कंत्राटदाराकडे कामाला होतो, मस्टरवर नावच नव्हतं, रोजंदारीवर होतो, हीही कारणं तितकीच पोकळ. कंत्राटी कामगार मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो, मग मालकाने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी.

केसपेपरवरचे चार शब्द

दावे हरतात ते कायद्यामुळे कमी आणि पहिल्या दिवसाच्या कागदामुळे जास्त. डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीवरचा माणूस विचारतो, काय झालं? कामगार एका हाताने डोळा दाबून म्हणतो, कचरा गेलाय. केसपेपरवर पडतं: ‘डोळ्यात कचरा’. कुठे, केव्हा, काय करताना, काही नाही. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर वर धरून विचारतो, कचरा तर रस्त्यावरही जातो, मोटरसायकलवरही जातो, कामावरच गेला कशावरून?

म्हणून केसपेपरवर ‘कामावर ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण डोळ्यात उडाला’ एवढं वाक्य पडलंच पाहिजे, तारीख आणि वेळेसकट. सोबत सुपरवायझर आलेला असतो, तो कानाशी लागून ‘घरी लागलं म्हणून सांग, पैशाचं आपण बघू’ म्हणतो. नंतर बघणारं कुणी नसतं. मालकाला लेखी कळवायचं, साधा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज का असेना, आणि त्या वेळी बाजूला कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवायची. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

नोकरीला लागतानाची डोळ्यांची तपासणी झाली असेल तर तिची प्रत सोन्यासारखी सांभाळा. ‘याची नजर आधीपासूनच अधू होती’ हा ठरलेला बचाव असतो, आणि त्या एका कागदापुढे तो गळून पडतो.

डोळा उशिरा बोलतो

हात तुटला तर त्या क्षणी कळतं. डोळ्याचं तसं नसतं, आणि भरपाईच्या दाव्यात हीच सगळ्यात फसवी गोष्ट आहे.

वेल्डिंगचा आर्क लागतो तेव्हा काहीच वाटत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक वेळा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ थर भाजलेला असतो. एक-दोन दिवसांत तो भरून येतो, बटाट्याच्या चकत्या ठेवल्या म्हणून नाही, आपल्या आपण. इथे भरपाईचा प्रश्न सहसा येत नाही, तीन दिवसांच्या आतच माणूस कामावर हजर असतो.

चुना किंवा सिमेंट गेलं तर उलट. अॅसिड पृष्ठभागावरच्या प्रथिनांना गोठवतं आणि त्या गोठलेल्या थराने स्वतःचीच वाट थोडीफार अडवतं. चुना-सिमेंटमधली अल्कली तशी थांबत नाही, पेशींची चरबी विरघळवत आत आत जाते. म्हणून डॉक्टरकडे धावण्याआधी जागेवरच भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटं, जमलं तर अर्धा तास, पापण्या उघड्या धरून डोळा धुवायचा. पहिल्या दिवशी थोडा लाल दिसलेला डोळा पुढे काही महिन्यांत पांढरा पडू शकतो.

सगळ्यात लबाड म्हणजे छिन्नी-हातोड्यावरून उडालेला बारीक कण. तो इतक्या वेगात घुसतो की जखम सुईच्या टोकाएवढी, कधी दुखतही नाही. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन केला नाही तर कण डोळ्याच्या आत तसाच राहतो. लोखंड आत गंजत राहतं आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी पडदा निकामी करतं. अशा डोळ्याचा एमआरआय करायचा नाही, चुंबक तो कण हलवेल, म्हणून कुठलाही तपास करण्याआधी ‘मी लोखंडावर काम करतो’ हे सांगायचं.

एक प्रकार असा की इजा एका डोळ्याला होते आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी दुसऱ्या, धडधाकट डोळ्याला सूज येते. शरीराची संरक्षण यंत्रणाच त्याच्यावर उलटते. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना, १८१२ मध्ये, खोगीर-लगाम बनवणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात आरी लागून त्याचा एक डोळा जखमी झाला. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले होते. आज औषधं आहेत आणि हे क्वचित होतं, पण जखमी डोळ्याबरोबर चांगला डोळाही वर्ष-दोन वर्षं तपासत राहायला डॉक्टर सांगतात ते यासाठी.

भट्टीपुढे वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्याला अवरक्त किरणांनी येणारा मोतीबिंदूही कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. त्या कामावर सलग सहा महिने नोकरी झालेली असली की तो अपघात धरला जातो, तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं.

या सगळ्याचा पैशांशी संबंध सरळ आहे. अपघातानंतर महिन्याभरात मालक पन्नास हजारांचा चेक आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असा टाइप केलेला कागद घेऊन येतो. डोळा तेव्हा कुठे पोहोचणार हे डॉक्टरलाही सांगता येत नसतं. टक्के ठरवायचे ते डोळा स्थिरावल्यावर. सही झाली असेल तरी घाबरायचं कारण नाही, कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देणारा करार रद्दबातल असतो. मात्र घेतलेले पैसे अंतिम रकमेतून वजा होतात.

मालकाने ताटकळत ठेवलं तर त्यालाही भुर्दंड आहे. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज. आपल्या उदाहरणातल्या ५,६१,५४६ वर ते वर्षाला सदुसष्ट हजारांच्या वर जातं. सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो, आणि हा दंड विमा कंपनीच्या गळ्यात घालता येत नाही, तो मालकाने भरायचा.

दुसरा डोळा

आता त्या राहिलेल्या शब्दांकडे, ‘दुसरा डोळा नॉर्मल असल्यास’. भरपाई घेऊन तीस टक्केवाला कामगार परत कामावर येतो, बहुतेक वेळा त्याच ग्राइंडरवर. आता यादीतली ती अट त्याला लागू राहिलेली नाही. त्याचा उरलेला डोळा गेला तर मालक म्हणेल, अपघातात एकच डोळा गेला, तीस टक्के घे. ते खोटं आहे. पूर्ण अपंगत्वाची व्याख्या अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता त्यांच्यावरून ठरते. तो एका डोळ्याने जे करत होता ते सगळंच संपलं. हे शंभर टक्के.

लंडनमध्ये नगरपालिकेच्या गॅरेजात असाच एक कामगार होता. एक डोळा युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलेला, साहेबांना ते ठाऊक होतं. १९४७ मध्ये गाडीखालचा गंजलेला बोल्ट हातोडीने ठोकून काढताना लोखंडाचा कपचा उडाला तो चांगल्या डोळ्यात. गॉगल दिलेला नव्हता, आणि त्या कामावर गॉगल द्यायची तशी पद्धतही नव्हती. दोन डोळ्यांच्या कामगाराला दिला नसता तर कदाचित चाललं असतं. पण ज्याच्याकडे एकच डोळा आहे त्याच्यासाठी जास्त काळजी घ्यायला हवी होती, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. तो दावा हलगर्जीपणाचा होता, आपल्या बिनचुकीच्या भरपाईचा नव्हे, पण आपल्याकडचे वकीलही तो निकाल दाखवतात.

त्या फिटरने नंतर ग्राइंडरवर उभं राहायला नकार दिला. त्याला स्टोअरला घेतलं, पगार दोन हजारांनी कमी. कॅलेंडरचं ते पान मी ठेवून घेतलंय. पन्नासाखालच्या दोन रेघा अजून तशाच आहेत.